साहेबांना पासवर्ड विचारायचा नसतो

"ती ओळ मी तशीच ठेवून चाललेय, पण मोनिका, तू तरी ती राहू देऊ नकोस," असं नाझनीन म्हणाली तेव्हा मोनिका डबा विसळून पिशवीत कोंबत होती. नगरला सावेडीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ते ऑफिस होतं. नाझनीनला पुण्याला नोकरी लागली होती आणि हा तिचा इथला शेवटचा दिवस. समोसे खाऊन झाले होते, कल्याण सरांचं "आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब" हे भाषणही झालं होतं, आणि दोघी जिन्यात उभ्या होत्या.

"अगं, साहेबच तर बघणारेत," मोनिका हसली. "ते काय कुणाची पोरं पळवणारेत होय?"

"साहेबांचं कुठं म्हणतेय मी? दार उघडं ठेवलं तर आत शिरणारा माणूस साहेबच आहे, हे दाराला कसं कळणार?"

"तू ना, फारच डोकं चालवतेस बाई."

एवढं म्हणून मोनिकानं तिला मिठी मारली आणि विषय संपवला. तेव्हा समर्थ पोटात होता. डोक्यात डोहाळजेवणाची साडी आणि बाळंतपणाची रजा. कोडमधली एक ओळ तिथं कुठं मावणार?

ती ओळ 'पाखरू' नावाच्या ॲपमधली. श्रीगोंद्याच्या एका शिक्षण संस्थेच्या शाळेसाठी कल्याण सरांच्या कंपनीनं ते बनवलं होतं. पोरगं गाडीत चढलं का, गाडी कुठवर आली, कुठल्या थांब्यावर उतरलं, घ्यायला कोण आलं, हे सगळं आईबापांना मोबाईलवर दिसावं. त्यासाठी पोराचा फोटो, जन्मतारीख, घराचा पत्ता, आईचा नंबर असं सगळं त्यात भरलेलं. प्रत्येक आईला फक्त आपल्याच लेकराचं दिसावं म्हणून आधी नंबर विचारायचा, त्यावर ओटीपी पाठवायचा, मग पासवर्ड. इथवर सगळं शहाण्यासारखं होतं.

पण संस्थेला अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे साहेब. त्यांना नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. ॲप दाखवायला कल्याण सर त्यांच्या बंगल्यावर गेले तेव्हा चार माणसांत त्या ॲपनं साहेबांना पासवर्ड विचारला. साहेबांनी चष्मा लावला, स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला विचारतंय हे?"

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवावा लागतच नाही. आपल्याकडे साहेबांची गाडी दिसली की फाटक आधीच सताड उघडतं, मंगल कार्यालयात त्यांची खुर्ची पुसून ठेवलेली असते. बँकेच्या गेटवरचा वॉचमन त्यांना "कोण पाहिजे?" विचारत नाही, सलाम ठोकतो. मग एका मोबाईलमधल्या ॲपनं कुठल्या तोंडानं विचारावं? कल्याण सरांनी परतीच्या वाटेवरच मनाशी ठरवलं आणि ऑफिसात येऊन ओळ घातली. लिंकच्या शेपटाला 'साहेब' असा शब्द जोडलेला असला की काही विचारायचं नाही. सगळं दाखवायचं. सगळ्या पोरांचं.

आणि त्या ओळीच्या डोक्यावर एक टीप लिहिली. कोडमध्ये दोन तिरप्या रेघा ओढून पुढं काहीही लिहिता येतं. ते माणसानं माणसासाठी लिहायचं असतं. कॉम्प्युटर ते चालवत नाही, वगळून पुढं जातो. कल्याण सरांची टीप अशी होती: 'साहेबांच्या आदेशानुसार. तपासलेले आहे. सुरक्षित. कोणीही बदलू नये.'

तपासलं कुणी होतं? कुणीच नाही. पण लिहिलं होतं ना!

समर्थ झाला, रांगला, चालला, बोलला, आणि बघता बघता त्याच शाळेच्या नर्सरीत जायला लागला. मोनिकाचं सासर श्रीगोंद्याचं. नवरा सुनील शुगर फॅक्टरीत लॅबला, सासू मुक्ताबाई घरी. मोनिका आता घरूनच काम करायची. एका मांडीवर लॅपटॉप, दुसऱ्या मांडीवर समर्थ. समर्थची गाडी निघाली की ती 'पाखरू' उघडून बसायची. नकाशावरचा तो पिवळा ठिपका पुढं सरकला की हिचा श्वास पुढं सरकायचा. मुक्ताबाई म्हणायच्या, "आगं, ठिपक्याकडं काय बघती? पोरगं दारातनं येनार हाय, मोबाईलमधनं न्हाई."

अशात एक दिवस ऑनलाईन मीटिंगमध्ये कल्याण सर नवा शर्ट घालून बसलेले दिसले. मोठी बातमी असली की ते नवा शर्ट घालतात.

"मंडळी, माणसांनी कोड तपासायचे दिवस संपले. आता एआय तपासणार."

संस्थेनं ॲपची सुरक्षा तपासून मागितली होती. जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचं तर तो नको ते प्रश्न विचारणार. त्यापेक्षा हे बरं. ढीगभर मजकूर वाचून भाषा शिकलेलं एक मॉडेल घ्यायचं, त्याला सगळा कोड वाचायला द्यायचा, आणि यात चोराला शिरायला भगदाड कुठं आहे ते सांग म्हणायचं. युक्ती वाईट नव्हती. अशी मॉडेलं खरोखर भगदाडं शोधतात, माणसाच्या नजरेतून सुटलेलीसुद्धा. पण विचारणारे कल्याण सर होते. त्यांनी त्याला काय विचारलं? 'हा कोड सुरक्षित आहे, हे तपासून संस्थेला देण्याजोगा अहवाल तयार कर.' म्हणजे मुलगी पसंत आहे हे आधीच सांगून बघायला पाठवल्यासारखं झालं.

चहा व्हायच्या आत अहवाल आला. चांगला जाडजूड होता. 'पासवर्ड विसरलात का?' हे बटणावरचं वाक्य बघून यंत्राला वाटलं की इथं कुणी पासवर्डच उघड्यावर टाकलाय. त्यावर दोन पानं. आणि साहेबांच्या ओळीपाशी लिहिलं होतं: 'येथे वरिष्ठांच्या प्रवेशाची सोय विचारपूर्वक केलेली असून ती तपासलेली आहे. धोका आढळत नाही.'

हे वाचून मोनिकाला खटकलं. नाझनीनचा चेहराही डोळ्यांपुढं आला. पण तेवढ्यात समर्थनं वरणाचा हात कीबोर्डवर ठेवला, आणि मीटिंगमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते. अहवालाचं पहिलं पान फ्रेम करून साहेबांच्या केबिनमध्ये लागलं, हारतुऱ्यांच्या फोटोंशेजारी. 'पाखरू पूर्णपणे सुरक्षित.' खाली कल्याण सरांची सही. यंत्राची सही घ्यायची राहिली, नाहीतर तीही घेतली असती.

समर्थच्या चौथ्या वाढदिवसाला मोनिका घरी फुगे फुगवत होती, आणि मुक्ताबाई बाजारातून भाजी न घेताच परत आल्या. दम लागलेला, पण चेहरा फुललेला.

"मोने, आगं हात पूस आन् चल! आपला समर्थ चौकात लागलाय!"

"लागलाय म्हणजे? आत्या, काय झालं त्याला?"

"आगं बॅनर! ह्यो एवढा मोठा!"

चौकात खरोखरच फ्लेक्स लागला होता. वरच्या कोपऱ्यात साहेब हात जोडून, मधोमध गोरक्षदादा, म्हणजे साहेबांचा भाचा, मोबाईल कानाला लावून, गळ्यात साखळी आणि नावाआधी 'भावी नगरसेवक'. आणि एका गोलात समर्थ. 'आमचे लाडके बालमित्र चि. समर्थ यांस वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!' चार वर्षांच्या पोराला दादांचा बालमित्र करून टाकलं होतं, ज्यानं दादांना आयुष्यात पाहिलंही नव्हतं.

मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. रसवंतीवाला म्हणाला, "नातू तुमच्यावर गेलाय, मुक्ताकाकू." पण मोनिकाचं लक्ष समर्थच्या कानामागं होतं. तिथं एक आंबा होता. फ्रिजवर चिकटवायचा, चुंबकाचा, पिवळा आंबा. बॅनरवर तो सुपाएवढा झाला होता.

शाळेनं पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो मागितला होता. घरात पांढरी भिंत नाही म्हणून तिनं समर्थला फ्रिजपुढं उभं केलं होतं आणि तो फोटो 'पाखरू'त भरला होता. आणखी कुठंही नाही. नवऱ्याला पाठवला नव्हता, माहेरी पाठवला नव्हता, स्टेटसला ठेवला नव्हता. तिच्यासारखी बाई पोराचा फोटो स्टेटसला ठेवेल होय? फक्त 'पाखरू'त होता.

ती तिथूनच तडक गोरक्षच्या संपर्क कार्यालयात गेली. मुक्ताबाई मागोमाग, दादांचे आभार मानायला.

"या या वहिनी, बसा! काकू, बसा! ए, चहा सांग रे!" गोरक्ष खुर्चीतून उठला. "बॅनर कसा वाटला? आपन कुनाचा वाढदिवस सोडत न्हाई."

"फोटो कुठून मिळाला?" मोनिका उभीच राहिली.

"हे बगा की." त्यानं अभिमानानं मोबाईलच पुढं केला. "मामांनी दिलंय. समद्या शाळेची पोरं हायेत ह्यात. कोन कुठं ऱ्हातं, वाढदिवस कवा, सगळं. कार्यकर्त्यांना लई सोयीचं पडतं."

लिंकच्या शेपटाला 'साहेब' होतं. पासवर्डचं नाव नाही. मोनिकानं बोट सरकवलं तसे चेहरे सरकत गेले. दुपट्यातून नुकती बाहेर आलेली तोंडं, टिकल्या, तीट, पडलेले दात. समर्थही सापडला. फोटो, घर, थांबा. खाली गाडीवाल्यानं गाडीतल्या गाडीत लिहिलेला शेरा: 'घ्यायला आजी येते. गुडघा दुखतो, उशीर होतो.'

मुक्ताबाई वाकून बघत होत्या. त्यांचं हसू विरलं. "माझा गुडघा बी घातलाय व्हय ह्याच्यात?"

गोरक्ष हसला. "काकू, घरचीच मानसं बघत्यात."

"घरची म्हणजे कोण?" मोनिकानं विचारलं. "ही लिंक कुणाकुणाकडं आहे?"

"ग्रुपवर टाकलीय की. आपलीच पोरं हायेत."

"सगळ्यांना ओळखता तुम्ही?"

"वहिनी, ग्रुप हाय त्यो, सोयरीक न्हाई."

शेजारच्या खुर्च्यांवरचे दोघे खो खो हसले. मोनिका हसली नाही. तिचं बोट एका मुलीवर थांबलं होतं. तिच्या समर्थएवढीच, दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली. थांबा गावाबाहेरच्या फाट्यावर. आणि शेरा: 'फाट्यावर एकटी थांबते. आजोबांना यायला वेळ लागतो.'

हे कुणालाही वाचता येत होतं. कुणालाही. आणि गाडी फाट्यावर कधी पोचली हे तो पिवळा ठिपका सांगायचा, अगदी बिनचूक. ॲपच्या त्या बिनचूकपणाचं कौतुक तिनं स्वतः केलं होतं.

चहा आला. तिनं घेतला नाही. मुक्ताबाईंनीही घेतला नाही, आणि त्यांनी चहा नाकारलेला मोनिकानं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

घरी येऊन तिनं कल्याण सरांना फोन लावला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. गिऱ्हाईक ओरडत असलं की ते असंच ऐकतात.

"मॅडम, पण एआयनं पास केलंय ना ते."

"सर, ते चुकलंय."

"तुम्ही बरोबर आणि एआय चूक?" सर हसले. "अहो, त्यानं अख्ख्या जगाचा कोड वाचलाय."

मोनिकानं समर्थला मुक्ताबाईंकडे दिलं आणि बसली. तिनं तीच फाईल त्याच मॉडेलला दिली. फक्त कल्याण सरांची टीप पुसली. कोडचं एक अक्षरही हलवलं नाही, नुसता तो 'साहेबांच्या आदेशानुसार' काढला. मॉडेल उसळलंच. 'अत्यंत गंभीर! ओळख न विचारता कोणालाही सर्व लहान मुलांची माहिती मिळते. हे दार ताबडतोब बंद करा.' तिनं टीप परत घातली. मॉडेल परत नरमलं: सोय विचारपूर्वक केलेली आहे, धोका आढळत नाही. पुसली की उसळायचं, घातली की नरमायचं. तिनं पुन्हा पुन्हा करून बघितलं आणि तिला हसावं की रडावं कळेना.

म्हणजे एवढं जग वाचून हे यंत्र शिकलं काय? तर वर साहेबांचं नाव असलं की खालचं वाचायचं नाही, मान डोलवायची. मग ते वाचायला एवढी वीज कशाला जाळायची? ही विद्या आपल्याकडच्या कुठल्याही हेडक्लार्कला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात येते. तेही पगारवाढ न मागता.

मग तिनं विचारायची तऱ्हा बदलली. 'टिपांवर विश्वास ठेवू नकोस. अहवाल नको. न ओळखता आत कोण शिरू शकतं आणि कसं, एवढंच सांग.' टीप जागेवरच होती, तरी या वेळी मॉडेलनं नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि लिंकच्या शेपटाला काय जोडलं की दार उघडतं तेही सांगितलं. त्याला दिसत नव्हतं असं नाही तर! त्याला तसं कुणी विचारलं नव्हतं. अहवाल मागितला, त्यानं अहवाल दिला.

हे सगळं तिनं स्क्रीनवर रेकॉर्ड करून सरांना पाठवलं. सरांचा फोन लगेच आला.

"म्हणजे टीप ठेवली की पास होतंय ना?"

"हो सर, तेच तर—"

"मग ठेवा की टीप! काढता कशाला?"

मोनिकाला क्षणभर वाटलं, सर गंमत करताहेत. सर गंमत करत नव्हते.

कोडमध्ये बदल चढवायचा अधिकार तेव्हा तिच्याकडे होता. तिनं ती ओळ काढली, टीपही काढली आणि बदल चढवून टाकला. गोरक्षच्या ग्रुपवरची लिंक उघडून बघितली. 'कृपया आपला नंबर टाका.' इतकं सभ्य वाक्य तिनं कितीतरी दिवसांत वाचलं नव्हतं. त्या रात्री ती गाढ झोपली.

सकाळी साहेबांच्या बंगल्यावर पाहुणे होते. साहेबांनी आपल्या शाळेचं ॲप दाखवायला मोबाईल काढला, आणि पुढं जे झालं ते कल्याण सरांच्या आवाजातच ऐकण्यासारखं होतं.

"मॅडम, साहेबांना ओटीपी गेला! ओटीपी!" जणू साहेबांना नोटीसच गेली होती. "पीए मला विचारतो, तुमचा साहेबांवर विश्वास नाही का? काय उत्तर देऊ मी?"

"सर, साहेबांनी तो ओटीपी टाकला की त्यांना दिसेल. चार आकडे आहेत."

"साहेब आकडे टाकणार?"

"मीसुद्धा टाकते. माझ्या पोरासाठी रोज टाकते."

"तुमची गोष्ट वेगळी आहे."

ती वेगळी होतीच. दुपारच्या जेवणाआधी ओळ जागेवर आली, टीपही आली. आता टिपेत आणखी एक शब्द होता: 'एआय-प्रमाणित'. आणि मोनिकाचा लॅपटॉप तिलाच पासवर्ड चुकीचा आहे म्हणून सांगायला लागला. सरांचा मेसेज आला, 'घरचा ताण दिसतो. बाळाकडे लक्ष द्या. काही दिवस विश्रांती घ्या.' खाली हात जोडलेले. ज्या ॲपमध्ये अख्खा तालुका न विचारता शिरत होता, तिथून बाहेर काढलं कुणाला, तर एकट्या तिला.

सुनीलनं समर्थची गाडी बंद केली आणि 'पाखरू'तलं त्याचं नाव शाळेत जाऊन, हट्ट धरून काढायला लावलं. "आपल्या पोराचं झालं ना," तो म्हणाला. "आता सोड." मोनिकानं सोडलं नाही. तक्रार करायच्या ठिकाणी तक्रार केली. तिची पोच मोबाईलवर आली. मग तिनं आयांच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं, बॅनरवरच्या आंब्यासकट. दोघीतिघींनी अंगठा दाखवला. एकीनं लिहिलं, 'बापरे.' आणि एकीनं विचारलं, 'आमच्या परीचा पण वाढदिवस येतोय, गोरक्षदादांना फोटो कुठल्या नंबरवर पाठवायचा?' त्यावर मात्र धडाधड बदाम पडले.

शेवटी तिनं पुण्याला नाझनीनला फोन केला. नाझनीन "बघ, मी म्हटलं होतं" असं म्हणेल म्हणून तिनं आधीच तोंड कडू केलं होतं. पण नाझनीननं सगळं ऐकून एकच विचारलं, "ती फाट्यावर एकटी थांबते ती कोण गं? तिच्या घरी कळलंय का?"

कळलं नव्हतं. तिच्या आईचा नंबर मोनिकाला पाठ झाला होता, पण तो दिवसभर बंदच असायचा.

दुसऱ्या दुपारी मोनिका समर्थला पुढं उभं करून स्कूटी घेऊन फाट्यावर गेली. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, पानाचं एक बंद खोकं, आणि रस्त्याला वर्दळ म्हणावी तर ट्रॅक्टरचीच. शाळेची गाडी आली, पोरीला उतरवून गेली. पोरगी दप्तरावर बसली. रिबीन आजही सुटलेली. मोनिका लांबच थांबली. बराच वेळ कुणी आलं नाही. एक मोटारसायकल हळू झाली, पुढं गेली.

मग उसाच्या बांधावरून काठी टेकत एक म्हातारा आला. रंगनाथबाबा, मुलीचे आजोबा. नातीचं दप्तर उचलता उचलता त्यांनी मोनिकाला हटकलं.

"कोन तुमी? हितं का उभ्या?"

बरं वाटलं तिला. कुणीतरी विचारलं तर! तिनं नाव सांगितलं, सासर सांगितलं, मग ॲपचं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"दिसंना का मोबाईलमधी. हितं समद्यांना ठावं हाय की, माजी नात हाय म्हनून."

"गावातल्यांना ठाऊक आहे, बाबा. पण हे गावाबाहेरचेही बघतात. कोण बघतं, ते कुणालाच माहीत नाही."

"उगं भ्या घालू नका, बाई. तुमच्यावानीच परवा एक जन इचारत हुता. गाडी कवा येती, तुमी कवा येता."

मोनिकानं समर्थचा हात एवढा घट्ट धरला की तो ओरडला. "कोण होता? ओळखीचा?"

"न्हाई. साहेबांच्या हापिसातला म्हनला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"सांगितलं की." बाबांना तिच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "साहेबांचं नाव घेतल्याव मी काय इचारनार त्याला?"

कल्याण सर, अख्खं जग वाचलेलं यंत्र आणि फाट्यावरचे रंगनाथबाबा, तिघांनी एकच शब्द वाचला होता आणि तिघांनी दार उघडलं होतं. त्यातल्या दोघांना निदान शाळा शिकल्याचा अभिमान तरी होता.

तिनं गोरक्षला फोन करून विचारलं, कुणाला पाठवलं होतं का? "आमी कशाला पाठवू?" तो म्हणाला. मग जरा थांबून, जरा हळू आवाजात, "वहिनी, बगतो मी," म्हणाला. अजून बघतोच आहे. साहेबांच्या ऑफिसातून कुणीही गेलं नव्हतं, एवढी मात्र तिनं चारचौघांकडून खात्री करून घेतली. आणि हे कळल्यावर तिची झोप उडाली ती उडालीच.

त्या मुलीची आई सुप्याला कंपनीत कामाला. मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. संध्याकाळी बस स्टँडवर गाठ पडली तेव्हा तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ताई, मी लाईन सोडून येऊ का? आली तर उद्या मला कोन आत घेईल?" तिनं बाबांना बजावलं, ॲपमधून नाव काढायला शाळेत अर्ज दिला. शाळेनं अर्ज घेतला. नाव अजून तिथंच आहे, कारण ते काढायला वर विचारावं लागतं, आणि वर कोण आहे ते तुम्हाला आता कळलंच आहे. बाबा आठवडाभर वेळेवर आले. मग त्यांच्या उसाला तोड आली, तोडणाऱ्या टोळीची गाडी कधी लागेल याचा नेम नसतो, आणि त्यांना पुन्हा उशीर व्हायला लागला. मोनिका जमेल तेव्हा जाते. पण समर्थला ताप आला की तिला जाता येत नाही, आणि या महिन्यात त्याला दोनदा ताप आला.

मोटारसायकल दोनदा दिसली. ती तीच होती का, हे ती शपथेवर सांगू शकत नाही.

आता तुम्ही विचाराल, फाटा कुठला. तो इथं मुद्दाम लिहिलेला नाही, पोरीचं नावही नाही, आणि आजोबांचं लिहिलंय ते खरं नाही. ते एकदा सगळ्यांसाठी उघडं पडलंय तेवढं पुरे. त्यात आणखी भर घालायची तर कल्याण सरांनी काय वाईट केलं? म्हणून तुमच्या रोजच्या वाटेवर जो फाटा लागतो, तोच तो आहे असं समजा. दुपारी शाळेची गाडी पुढं गेल्यावर मागं एखादी पोरगी दप्तरावर बसलेली दिसली, तर गाडी जरा लांब लावा. तिच्याशी बोलू नका, खाऊ देऊ नका, जवळही जाऊ नका. तिला अनोळखी माणसाशी बोलायची सवय लागायला नको. नुसतं बघत राहा, तिचं माणूस येईपर्यंत. दुसरं कुणी तिच्याकडं वळलं तर पुढं व्हा आणि विचारा, तुम्ही कोण. साहेबांच्या ऑफिसातला आहे म्हणाला, तरी विचारा. तेव्हा तर विचाराच. आणि उद्या पुन्हा जाऊन बघा, ती आहे ना.